पाण्याच्या अलीकडचे देवाचे लोक: टिळकांच्या ‘देवाच्या दरबारा’चे प्रकरण

1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि तिचा पगार दोन्ही सोडले, यापुढे संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरवले आणि साताऱ्यास बिऱ्हाड करून ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसंघ उभा करण्यास सुरुवात केली. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न होते आणि ख्रिस्ती होऊन बावीस वर्षे लोटली होती. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन ते 1912 पासून पाहत होते, आणि त्यांची पदे खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत तोंडपाठ झाली होती. अशा माणसाने उतारवयात सुखासमाधानाची वाट सोडून नवा डाव मांडावा, यामागे काहीतरी फार दिवस मनात सलत असले पाहिजे. ते काय होते आणि त्यातून त्यांनी देवाच्या लोकांची जी नवी सीमा आखली ती कितपत योग्य होती, एवढाच या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे.

दरबाराची मुख्य कल्पना अशी होती की, जे येशू ख्रिस्ताला गुरू आणि प्रभू मानून त्याच्या मागे चालू पाहतात, ते सर्व एका कुटुंबाचे लोक आहेत, मग त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. बाप्तिस्मा घेतलेले शिष्य आणि न घेतलेले शिष्य यांनी या दरबारात बंधू म्हणून एकत्र यावे, एकत्र भजन करावे, देशाची आणि माणसांची सेवा करावी आणि हे सर्व परक्या मिशनच्या पैशावर व परक्या रीतिभातीवर अवलंबून न राहता करावे, अशी त्यांची इच्छा होती. एखादा नवा पंथ काढण्याचा किंवा नवे चर्च स्थापण्याचा त्यांचा हेतू नव्हता. पुढे जेमतेम दीड-दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पाठीमागे दरबार संस्था म्हणून टिकला नाही. मात्र दरबाराने जो प्रश्न उघडा केला तो त्यांच्याबरोबर मिटला नाही, म्हणून हे प्रकरण अजून अभ्यासण्याजोगे आहे.

मंडळी म्हणजे कोण

मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. इमारत ते देऊळ किंवा चर्च, आणि त्यात जमणारी माणसे ती मंडळी. घरच्या माणसांनाही आपण मंडळीच म्हणतो, त्यामुळे या शब्दात एक घरगुती ऊब आहे आणि ती बायबलच्या मूळ कल्पनेला धरूनच आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात विखुरलेल्या आणि उपऱ्या विश्वासणाऱ्यांना असे सांगितले आहे की, तुम्ही पूर्वी ‘लोक’ नव्हता, आता मात्र देवाचे लोक झाला आहात. या वाक्यामागे होशेय संदेष्ट्याची गोष्ट आहे. त्याने देवाच्या सांगण्यावरून आपल्या एका मुलाचे नाव ‘लो-अम्मी’, म्हणजे ‘माझे लोक नव्हेत’, असे ठेवले होते आणि त्याच संदेष्ट्याच्या तोंडून पुढे ते नाव फिरवण्याचे अभिवचन आले. ज्यांना कोणी आपले म्हणत नव्हते त्यांना देवाने आपले म्हटले, असा त्याचा साधा अर्थ आहे.

हा अर्थ नगर जिल्ह्यात कसा उतरला हे पाहिल्याशिवाय दरबाराचे मोल आणि त्याची मर्यादा यांपैकी काहीच कळत नाही. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईस आले आणि 1831 पासून त्यांचे काम अहमदनगरला सुरू झाले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेतले होते, म्हणजे प्रत्येक गावची मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी, आणि तिचे सभासद एकमेकांशी व देवाशी करार करून जोडले गेलेले, अशी त्यांची शिकवण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः 1876 ते 1878 च्या दुष्काळाच्या सुमारास आणि त्यानंतर, या भागातील महार आणि मांग समाजांतून मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, विहिरीवर जाण्याची मुभा नसलेल्या आणि जातीच्या नावानेच हाक मारल्या जाणाऱ्या या माणसांचे नाव मंडळीच्या नोंदवहीत बापाच्या नावासह आणि तारखेसह लिहिले गेले. त्यांच्यासाठी ‘पूर्वी लोक नव्हता’ ही अलंकारिक भाषा नव्हती, रोजच्या जगण्याची ती हकीकत होती, आणि बाप्तिस्म्याचे पाणी म्हणजे ती हकीकत जिथे बदलली तो क्षण होता. दुष्काळात लोक धान्यासाठी ख्रिस्ती झाले, असे तेव्हाही बोलले जाई आणि अजूनही बोलले जाते. मला त्या बोलण्याचा त्रास होतो, कारण उपाशी माणसाला भाकरीबरोबर माणूसपण मिळाले आणि त्याने ते घट्ट धरून ठेवले, यात हिणवण्यासारखे काय आहे?

टिळक ज्या मंडळीत आले ती मंडळी अशी होती. ते स्वतः आले होते अगदी दुसऱ्या टोकाकडून.

टिळकांच्या घरातील पाच वर्षे

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी 1861 साली जन्मलेले टिळक चित्पावन ब्राह्मण. संस्कृतचा व्यासंग, कविता आणि वक्तृत्व हे त्यांचे भांडवल. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथपर्यंतची कथा पुष्कळांना माहीत असते. दरबाराच्या दृष्टीने खरी महत्त्वाची कथा त्यानंतरच्या पाच वर्षांची आहे आणि ती टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची, अधिक आहे.

नवरा ख्रिस्ती झाला हे लक्ष्मीबाईंना कळले तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. लहान मुलाला घेऊन त्यांना नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढावे लागले आणि पती-पत्नींची ताटातूट काही वर्षे चालली. त्या काळच्या कायद्याने टिळकांना एक मोकळी वाट ठेवलेली होती. 1866 च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाच्या कायद्याप्रमाणे, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास नाकारला तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयात जाऊन विवाह मोडून मागता येत असे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते थांबले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. नगरला ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात राहून त्यांनी आपले सोवळे-ओवळे, आपली वेगळी चूल आणि आपले वेगळे पाणी काही काळ निष्ठेने सांभाळले.

एका घरात दोन चुली, हे चित्र मी नेहमी डोळ्यांसमोर आणतो. एका खोलीत नवा करार उघडा आहे, पलीकडच्या खोलीत स्वतःच्या हाताने भरलेला पाण्याचा हंडा झाकून ठेवलेला आहे, आणि दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे. हंडा कोणी शिवत नाही आणि शिवल्याबद्दल कोणी कोणाला घरातून घालवूनही देत नाही. या घरात देवाचे लोक किती होते, असे कोणी विचारले असते तर नोंदवहीप्रमाणे उत्तर एक असे आले असते. टिळकांना ते उत्तर पटले असते असे मला वाटत नाही.

पुढे राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंच्या मनातली गाठ सुटली. ज्या क्रमाने ती सुटली तो फार महत्त्वाचा आहे. त्यांच्या मनातून आधी जात गेली. देवाने माणूस निर्माण करताना जाती केल्या नाहीत, त्या माणसांनी केल्या, हे त्यांना एके दिवशी स्वच्छ दिसले आणि त्यांनी त्याच दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर पक्का झाला आणि 1900 साली त्यांनी व मुलाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सर्व ज्या सरळपणे सांगितले आहे त्या सरळपणामुळेच तो मराठीतला अजोड ग्रंथ ठरला.

याच घरात पुढे बालकवी ठोंबरे राहिले. टिळक दांपत्याने त्यांना मुलासारखे सांभाळले, त्यांच्या लहरी सोसल्या, त्यांची कविता फुलताना पाहिली, आणि बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. 1918 च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा साताऱ्यात दरबाराची उभारणी चालू होती. दरबाराची उगमस्थाने शोधताना अभ्यासक सहसा टिळकांच्या राष्ट्रभक्तीकडे आणि मिशनऱ्यांशी झालेल्या मतभेदांकडे बोट दाखवतात. तीही कारणे खरी आहेत. पण माझ्या मते दरबार प्रथम भरला तो नगरच्या या घरात, दोन चुलींच्या मध्ये, आणि टिळकांनी 1917 साली केले ते एवढेच की, घरात जे साधले ते समाजात साधेल काय, हे पाहण्याचे धाडस केले.

दरबार कशासाठी

टिळकांच्या अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. पहिली अशी की, ख्रिस्ती होणे म्हणजे परका होणे, हा समज त्यांनी सर्वत्र पाहिला. बाप्तिस्मा घेतलेला माणूस आपल्या लोकांतून उठून साहेबाच्या लोकांत गेला, असे त्याचे शेजारी समजत आणि पुष्कळदा तो स्वतःही तसेच समजू लागे. मिशनचा पगार घेणाऱ्या उपदेशकाने ख्रिस्ताविषयी बोलावे आणि ऐकणाऱ्याने मनात त्याच्या पगाराचा हिशेब करावा, हा अनुभव टिळकांना जाचत होता. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांना मराठी भक्तिपरंपरेची ओवी, अभंग आणि कीर्तन सोडून परक्या चालींवर देवाला आळवणे अनैसर्गिक वाटे. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा नगरला त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी रुजवलेली होतीच. टिळकांनी तिला कवित्वाची जोड दिली आणि ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य हाती घेतले. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

दुसरी अडचण अशी होती की, ख्रिस्ताला मनोभावे मानणारी, त्याच्या शिकवणीप्रमाणे वागू पाहणारी, पण बाप्तिस्मा न घेतलेली माणसे त्यांना वारंवार भेटत होती. कोणाची वृद्ध आई जिवंत होती, कोणाची मुले लग्नाची होती, कोणाला वारशाची भीती होती. वारशाचा प्रश्न 1850 च्या जातिनिर्बंध निवारण कायद्याने कागदावर मिटवला होता, पण सरकारी कायद्याने पंगतीतले पान परत मिळत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. मंडळीच्या नियमाने ही माणसे ‘जिज्ञासू’ ठरत आणि वीस वर्षे झाली तरी जिज्ञासूच राहत. ज्याने ख्रिस्तावर जीव लावला आहे त्याला आयुष्यभर उंबऱ्यावर उभे करणे टिळकांना ख्रिस्ताच्या स्वभावाशी विसंगत वाटले.

‘दरबार’ या शब्दाची निवड मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. दरबारात राजा असतो आणि त्याच्या समोर आलेला प्रत्येक जण त्याची प्रजा असतो. कोण आत यावे हे राजा ठरवतो, इतर दरबारी ठरवत नाहीत. देवाचे लोक कोण, या प्रश्नाचा निवाडा टिळकांनी मंडळीच्या पंचांकडून काढून घेतला आणि धन्याच्या हाती परत दिला, असे या नावाचे वर्णन करता येईल.

शास्त्राच्या कसोटीवर

टिळकांवर असा आक्षेप घेता येतो की, बाप्तिस्म्याची आज्ञा खुद्द प्रभूची आहे आणि ती ऐच्छिक करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आक्षेप वजनदार आहे आणि तो केवळ परक्या मिशनऱ्यांचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. त्याची तपासणी करण्यासाठी नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दहावा अध्याय मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तेथे हाच पेच उभा राहिला आहे. कैसरियातील रोमी शताधिपती कर्नेल्य हा देवाचे भय धरणारा, दानधर्म करणारा मनुष्य, पण यहुदी नव्हे. येशूचा शिष्य पेत्र त्याच्या घरी जाण्यास कचरतो, कारण परजातीयाच्या घरी जाणे त्याच्या रीतीत बसत नाही. शुद्ध-अशुद्ध अन्नाचा दृष्टान्त तीनदा झाल्यावर तो जातो, बोलू लागतो, आणि त्याचे बोलणे चालू असतानाच पवित्र आत्मा त्या सर्वांवर उतरतो. तोपर्यंत पाण्याचा थेंबही कोणावर पडलेला नसतो. मग पेत्र विचारतो की, ज्यांना आपल्याप्रमाणेच आत्मा मिळाला आहे त्यांना बाप्तिस्म्याचे पाणी मिळू नये म्हणून कोण मनाई करील?

या अध्यायात टिळकांच्या बाजूचा पुरावा आहे आणि विरुद्ध बाजूचाही आहे. देवाने कर्नेल्याला आपले म्हटले ते पाण्याच्या आधी, इतके की पेत्राला मागून धावावे लागले. येथे टिळक निःसंशय बरोबर आहेत. मात्र आत्मा उतरला आहे म्हणून आता पाण्याची गरज उरली नाही, असे पेत्र म्हणत नाही. तो पाणी मागवतो, आणि त्यानंतर काही दिवस त्या घरी राहतो. यरुशलेमात परतल्यावर त्याच्यावर जो ठपका आला तोही बाप्तिस्मा दिल्याबद्दलचा नव्हता, सुंता न झालेल्या परजातीयांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर जेवल्याबद्दलचा होता. अकराव्या अध्यायातील ही तक्रार मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. देवाच्या लोकांची सीमा शेवटी जेवणाच्या पंगतीत ठरते, हे आपल्याला फार जुन्या काळापासून माहीत आहे.

जिथे माझे मन अडते

दरबाराविषयी माझा आदर खरा आहे, तरी त्याच्या कल्पनेत एक जागा अशी आहे जिथे मी अडतो, आणि ती जागा पंगतीचीच आहे. बाप्तिस्मा न घेतलेला शिष्य जातीच्या व्यवस्थेत आपल्या जागी राहू शकत होता. त्याचे नाते, त्याचे सोयरेसंबंध, त्याचे घरचे पाणी, सर्व जसेच्या तसे. नगरच्या महार-मांग मंडळीतल्या माणसाला मात्र ख्रिस्ताबरोबर जे नवे लोक मिळाले होते त्यांच्यावाचून दुसरे कोणी नव्हते. दरबारात हे दोघे शेजारी बसून भजन म्हणणार, हे उत्तमच. पण भजन संपल्यावर एक जण आपल्या वाड्यात जाणार आणि दुसरा आपल्या वस्तीत, असे झाले तर त्या दोघांना एक ‘लोक’ म्हणता येईल काय?

ही शंका मी हवेतून काढलेली नाही. टिळक ज्या वारकरी परंपरेकडे प्रेमाने पाहत होते तिचाच दाखला येथे देता येतो. दिंडीत कोणालाही चालता येते, आणि माळ घालणे ही वेगळी बाब आहे. माळकऱ्याला एकादशी, वारी आणि आहारविहाराचे नियम यांचे बंधन असते. म्हणजे खुल्या दिंडीलाही खुणेची गरज वाटली. आणि त्याच पंढरीत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर पायरीशी आहे. संतांनी चोखोबांना आपले मानले, त्यांचे अभंग गाइले, तरी मंदिराचे दार त्यांच्या लोकांना 1947 पर्यंत, साने गुरुजींच्या उपोषणानंतरच, उघडले. सहाशे वर्षे एकत्र गाऊनसुद्धा जे साधले नाही ते नुसत्या एकत्र भजनाने साताऱ्यात साधले असते, असे मानण्यास मला आधार सापडत नाही.

लक्ष्मीबाईंची साक्ष म्हणूनच मला टिळकांच्या योजनेपेक्षाही मोलाची वाटते. बाप्तिस्म्याच्या आधी त्या देवाच्या लोकांत आल्या होत्या काय? मी होय म्हणेन, आणि त्याची तारीख म्हणजे त्यांनी आपल्या मनातला वेगळा हंडा फोडला तो दिवस. पाणी नंतर आले आणि ते यायलाच हवे होते, पण त्यांना माणसांशी जोडणारी कृती आधीच घडली होती. दरबाराच्या दारावर एखादी अट हवी होती असे मला वाटते, ती बाप्तिस्म्याची नव्हे, पंगतीची. ज्याला पाणी घेणे आज शक्य नाही त्याने निदान आपल्या शेजारच्या महार बंधूच्या घरचे पाणी प्यावे. ज्याला तेवढेही शक्य नाही त्याला ख्रिस्ताचा चाहता म्हणावे. त्याचा मान राखावा, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, पण त्याला देवाच्या लोकांतला म्हणण्याची घाई करू नये.

दरबार मोडला तो मात्र या दोषामुळे नव्हे. तो दोष दिसण्याइतका काळ त्याला मिळालाच नाही. टिळकांच्या प्रकृतीने दगा दिला, सर्व कारभार एका माणसाच्या प्रेमळ आणि उत्कट व्यक्तिमत्त्वावर उभा होता, आणि ते व्यक्तिमत्त्व गेल्यावर मागे धरून ठेवणारी चौकट नव्हती. त्यांचे चरित्र लिहिणारे इंग्रज धर्मोपदेशक जे. सी. विन्स्लो यांनी 1922 साली ख्रिस्त सेवा संघ स्थापला, त्यात टिळकांच्या प्रेरणेचा काही वारसा पुढे गेला. नगरच्या मंडळ्या 1924 साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. उंबऱ्यावरच्या माणसांचा प्रश्न त्या सर्व स्थित्यंतरांतून जसाच्या तसा पुढे आला.

आजचा उंबरा

पुढे आला, आणि एका बाजूने अधिक अवघडही झाला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू धर्म सोडून अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. पुढे 1956 साली शिखांसाठी आणि 1990 साली बौद्धांसाठी ती मर्यादा सैल करण्यात आली, ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यासाठी नाही. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 साली ही अट काढून टाकण्याची शिफारस केली, ती अंमलात आली नाही. परिणाम असा की, टिळकांच्या काळी उंबऱ्यावर उभा राहणारा माणूस बहुधा उच्चवर्णीय असे, आणि आज तो पुष्कळदा दलित असतो. त्याच्या मुलीची शिष्यवृत्ती, त्याच्या मुलाची राखीव जागा हे सर्व एका दाखल्यावर अवलंबून असते, आणि मंडळीच्या नोंदवहीतले नाव त्या दाखल्याला सुरुंग लावू शकते. अशा माणसाला भेकड म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्या कायद्याने त्याला या पेचात टाकले त्याच्याविरुद्ध मंडळीने जोराने बोलले पाहिजे आणि तोवर त्याला बाकावर जागा दिली पाहिजे.

आमच्या मंडळीची नोंदवही मी काही वर्षे सांभाळली आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची तारीख, शेरा. बाप्तिस्म्याचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाण्याची सोय त्या वहीत नाही. आमच्या मंडळीत एक बाई येत, त्या उजवीकडच्या शेवटून दुसऱ्या बाकावर बसत. भाजीचा धंदा होता, त्यामुळे उपासनेला येताना हाताला मेथीचा वास असे. टिळकांची पदे त्यांना पुस्तक न उघडता येत आणि दुसऱ्या कडव्याला त्या हमखास डोळे मिटत. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नव्हता. घरात मोठे दीर होते, नातवंडे शिकत होती, आणि त्यापुढे मी कधी विचारले नाही.

आमच्याकडे प्रभुभोजनाचे ताट अजून बाकांवरून हातोहात फिरते. ते त्यांच्यापर्यंत येई तेव्हा त्या दोन्ही हातांनी ते घेत, क्षणभर मांडीवर टेकवत, आणि भाकरीला हात न लावता पुढच्या माणसाकडे देत. पदर डोक्यावरून नीट करून ताट घेण्याची त्यांची ती रीत इतकी आदराची होती की, भाकर घेणाऱ्या आम्हा बाकीच्यांची मला लाज वाटे. मंडळीच्या समितीत एकदा हा विषय निघाला. त्यांना भाकर द्यावी असे दोघांनी म्हटले, देऊ नये असे बाकीच्यांनी म्हटले, आणि न देण्याच्या बाजूने मीही हात वर केला होता. पेत्राने पाणी मागवले होते, हा माझा मुद्दा होता. आपण त्यांच्यासाठी पाणी कधी मागवले, त्यांच्या घरी जाऊन दिरांशी कधी बोललो, त्यांच्या ओट्यावर बसून कधी जेवलो, हे मात्र मी त्या दिवशी विचारले नाही, आणि दुसऱ्या कोणीही विचारले नाही.

टिळकांनी आपल्या देहाचे दहन व्हावे अशी इच्छा व्यक्त केली होती. त्याप्रमाणे त्यांचे दहन झाले आणि अस्थी नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आणण्यात आल्या. त्या बाई गेल्या तेव्हा त्यांच्या घरच्यांनी त्यांना अमरधामात नेले. निरोप मिळाला तसे मंडळीतले आम्ही अकरा जण गेलो आणि गर्दीच्या कडेला उभे राहिलो. सगळे विधी झाल्यावर त्यांचा थोरला दीर आमच्याकडे आला आणि म्हणाला, “वहिनी रोज पहाटे तुमचं ते गाणं म्हणायची. म्हणता का आता?” आम्ही म्हटले. पुस्तक कोणीच आणले नव्हते. दुसऱ्या कडव्यानंतर आमच्यातल्या तिघांना शब्द आठवेनात, तेव्हा मागून त्यांच्या नातीने ते उचलले आणि शेवटपर्यंत नेले.